मॉडेलचं नाव राहू दे, आत वायफायची चिप कुठली ते सांग

दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच, लॅपटॉप घ्यायचाय, त्याच्यावर विंडोजऐवजी फ्रीबीएसडी टाकायचंय (नाहीतर ओपनबीएसडी, नाहीतर सरळ लिनक्स, सगळ्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम), तर हे अमुक मॉडेल चालेल का? आणि माझ्याकडून उलटा प्रश्न जातो, त्याच्यात वायफायची चिप कुठली आहे? मग समोरचा गप्प. कारण ते खोक्यावर लिहिलेलं नसतं, जाहिरातीत नसतं आणि विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. खोक्यावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि स्क्रीन ठळक अक्षरात, आणि गंमत अशी की ह्या चारांची आपल्याला फारशी काळजीच नसते. रॅम सगळीकडे चालते, साधी एनव्हीएमई डिस्क सगळीकडे चालते, स्क्रीन काय नुसती काच. अडतं ते सगळं न लिहिलेल्या गोष्टींवर.

मॉडेलच्या नावावर विसंबू नका म्हणते त्याचं कारण साधं आहे. एकाच नावाचा, एकाच वर्षाचा लॅपटॉप इंटेलच्या वायफाय कार्डासकट मिळतो, रियलटेकच्या कार्डासकट मिळतो, एएमडी प्रोसेसरचं व्हेरियंट घेतलं तर त्याच्यात क्वालकॉम किंवा मीडियाटेक निघतं. झाकण तेच, कीबोर्ड तोच, स्टिकर तोच. त्यामुळे कोणीतरी लिहितो "माझ्याकडे हाच आहे, मस्त चालतो" आणि तुम्ही तोच आणून इन्स्टॉल करता आणि नेटवर्कच दिसत नाही, तर दोघंही खरंच बोलत असता. म्हणून मी मॉडेल शोधतच नाही, चिपा शोधते. त्यातही तीनच गोष्टी खऱ्या अडवणाऱ्या, वायफाय, ग्राफिक्स आणि झोप. झोप म्हणजे सस्पेंड, झाकण मिटलं की मशीन निजलं पाहिजे आणि उघडलं की उठलं पाहिजे, ऐकायला फालतू वाटतं पण लॅपटॉपमध्ये ह्याच्याइतकी डोकेदुखी दुसऱ्या कशाची नाही.

आधी हे सांगून टाकते की लिनक्स आणि बीएसडी ह्यांची परिस्थिती सारखी नाहीये, दोघांना एकाच यादीत घालून "ओपन सोर्ससाठी लॅपटॉप" असे जे सल्ले फिरतात ते निम्मे कुचकामी असतात. लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे एकेक चिप चालवणारा कोड, बऱ्याचदा इंटेल आणि एएमडीचे पगारी इंजिनियर स्वतः लिहितात, चिप बाजारात यायच्या आधीच कोड कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, गेलेला असतो. बीएसडीकडे तसं मनुष्यबळ नाही. फ्रीबीएसडी काय किंवा ओपनबीएसडी काय, ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्समधूनच आणून आपल्या कर्नलला जुळवून घेतात, आणि ह्या जुळवण्यात वेळ जातो. म्हणजे बीएसडी कायम थोडं मागे चालणार, ह्यात आळस नाही की नालायकपणा नाही, माणसंच कमी आहेत. तेव्हा लिनक्सवाल्याने नवाकोरा लॅपटॉप घेतला तरी सहसा निभावतं, बीएसडीवाल्याने मात्र दोनतीन वर्षं जुनी पिढी घेतली तर सुखाने राहील.

आता वायफाय, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

बीएसडीसाठी उत्तर एका शब्दात द्यायचं तर इंटेल. जुन्या इंटेल कार्डांना आयडब्ल्यूएन नावाचा ड्रायव्हर, मग ७२६०, ८२६५ वगैरेंना आयडब्ल्यूएम, आणि एएक्स२०० पासून पुढच्यांना ओपनबीएसडीमध्ये आयडब्ल्यूएक्स. ओपनबीएसडीत ह्यातल्या नवीन दोघांना ८०२.११ एसी ह्या वेगवान वायफाय मानकाचा वेग ७.१ ह्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ मध्येच मिळाला. फ्रीबीएसडीने वेगळा रस्ता धरला, त्यांनी लिनक्सचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर लिनक्सकेपीआय नावाच्या थरावर चढवून आणला, कार्ड ओळखलं जायचं, जोडलं जायचं, पण बरीच वर्षं वेग जुन्या ए आणि जी ह्या मानकांवरच थांबलेला, म्हणजे कागदावर ५४ एमबीपीएस आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मा. कार्ड आधुनिक, राउटर आधुनिक, आणि मध्ये बैलगाडी. हे दुखणं १४.३ मध्ये, २०२५ च्या जूनमध्ये कमी झालं, तेव्हा एन आणि एसी आले. म्हणून फ्रीबीएसडीचं वायफाय किती वाईट आहे असा कोणाचा जुना लेख वाचाल तर आधी तारीख बघा.

इंटेलमध्येही एक मेख आहे बरं का. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही सुटी, नेहमीच्या पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी कार्डं आहेत, कुठल्याही मशीनच्या एम.२ स्लॉटमध्ये बसवली की चालतात, एएमडीच्या सुद्धा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मात्र दिसायला तशीच असली तरी अर्धं काम इंटेलच्या चिपसेटवर टाकतात, ती एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बसतील पण चालणार नाहीत, आणि जुन्या इंटेलमध्येही नाहीत. शेवटचा एक आकडा बदलला की पैसे पाण्यात. कार्ड बदलायचा विचार असेल तर शेवटी शून्य असलेलं घ्या.

पण कार्ड बदलता येतं का हाच मुळात प्रश्न असतो. पातळ लॅपटॉपांमध्ये वायफायची चिप हल्ली मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे विषय संपला. आणि जुन्या थिंकपॅडांमध्ये, एक्स२२० आणि एक्स२३० च्या काळातल्या, कार्ड सुटं असतं पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, परवानगीच्या कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं कार्ड घातलं की मशीन सुरूच होत नाही, १८०२ नंबरचा एरर देऊन बसून राहतं. पुढच्या पिढ्यांमध्ये हा जाच गेला. शिवाय त्या जुन्यांचा स्लॉटही मिनी पीसीआय एक्सप्रेसचा, एम.२ चं कार्ड त्यात तसंच जात नाही आणि अँटेनाच्या वायरींचं टोकही वेगळ्या मापाचं.

फ्रेमवर्कचे लॅपटॉप २०२१ पासून येतायत, त्यांची तर ख्यातीच सगळं सुटं करता येण्याची. त्यांच्या एएमडीच्या तेरा इंची मॉडेलमध्ये मीडियाटेकचं कार्ड येतं, लिनक्सवर ते व्यवस्थित चालतं, बीएसडीवाले ते काढून एएक्स२१० बसवतात आणि पुढे जातात. हेच मला लॅपटॉप निवडताना महत्त्वाचं वाटतं, चुकीची चिप निघाली तरी ती बदलता यावी. सगळं पहिल्याच फटक्यात जुळलं पाहिजे असा हट्ट धरला तर मशीनच मिळणार नाही.

ब्रॉडकॉमबद्दल काय लिहू. लिनक्सवरही तो त्रासच आहे, वेगळा बंदिस्त ड्रायव्हर घ्या, कर्नल बदललं की तो परत बांधा. बीएसडीवर जुन्या काही चिपा सोडल्या तर नादाला लागू नका. रियलटेकचं चित्र सुधारतंय पण चिपागणिक वेगळं, एक चालेल आणि नंबरात एक अक्षर वेगळं असलेलं चालणार नाही.

आणि एक भन्नाट जुगाड आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रीबीएसडीमध्ये वायफायबॉक्स नावाचं पॅकेज आहे, ते बीहाइव्ह ह्या हायपरवायझरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, छोटंसं अल्पाइन लिनक्स चालवतं, तुमचं वायफाय कार्ड आख्खंच्या आख्खं त्या लिनक्सच्या ताब्यात देतं आणि तिथून नेटवर्क परत फ्रीबीएसडीला मिळतं. म्हणजे एका ड्रायव्हरसाठी पोटात आख्खी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम पाळायची. हसायला येतं, पण चालतं, आणि ज्यांचं कार्ड सोल्डर केलेलं आहे त्यांना दुसरा बरा पर्यायही नसतो. सस्पेंडच्या वेळी मात्र हे प्रकरण नीट हाताळावं लागतं.

ग्राफिक्सचं त्यामानाने सरळ आहे, इंटेलचं किंवा एएमडीचं प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असलेला लॅपटॉप घ्या आणि एनव्हिडिया टाळा. लिनक्सवर एनव्हिडिया आता पूर्वीइतकं वाईट राहिलेलं नाही, २०२२ मध्ये त्यांनी कर्नलचा भाग ओपन सोर्स केला, फ्रीबीएसडीसाठीही एनव्हिडिया स्वतः बंदिस्त ड्रायव्हर देते. पण ओपनबीएसडीवर काहीच नाही, तिथे कर्नलमध्ये बंदिस्त कोड घ्यायचाच नाही हे तत्त्व आहे आणि ते तसूभरही हलत नाहीत. लोक म्हणतात, असू दे की एनव्हिडिया, मी ते बंद ठेवीन आणि इंटेलवर चालवीन. ठीक आहे, पण बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं, तेव्हा ती बंद म्हणजे बाहेरचा मॉनिटर बंद. हे घेतल्यावर कळून उपयोग नाही.

फ्रीबीएसडीवर तुमचं ग्राफिक्स चालेल की नाही हे ठरवायची एक सोपी युक्ती आहे. तिथे डीआरएम केमॉड नावाचं पॅकेज असतं आणि त्याच्या नावातच आकडा असतो, ५१५, ६१, ६६ असा. हा लिनक्स कर्नलचा आकडा आहे, म्हणजे ५.१५, ६.१, ६.६, ज्या लिनक्समधून ते ड्रायव्हर आणलेत तो. लिनक्स ६.१ आलं २०२२ च्या डिसेंबरमध्ये. मग तुमच्या फ्रीबीएसडीवर ६१ मिळत असेल तर २०२४ ची चिप त्याला कुठून माहीत असणार? तुमचा प्रोसेसर कधी आला आणि तो आकडा कधीचा, एवढं ताडून बघितलं की निम्मे प्रश्न विचारायचेच राहत नाहीत.

आता झोप. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण ह्याच्याबद्दल लोक घेण्याआधी कधीच विचारत नाहीत आणि घेतल्यावर मात्र हेच घेऊन येतात.

पूर्वी एक साधी पद्धत होती, एसीपीआय, म्हणजे हार्डवेअर आणि सिस्टीम ह्यांच्यातल्या बोलण्याचे नियम, त्यातली एस३ अवस्था. झाकण मिटलं की फक्त रॅमला वीज, बाकी सगळं बंद, दोन दिवसांनी उघडलं तरी बॅटरी शाबूत. हे सगळं फर्मवेअर, म्हणजे चिपांमध्येच भरलेला प्रोग्राम, सांभाळायचं, ऑपरेटिंग सिस्टीमने फक्त व्यवस्थित आवराआवर करून "निजतो आता" म्हणायचं. मग मायक्रोसॉफ्टने मॉडर्न स्टँडबाय आणलं, फोनसारखं, झाकण मिटलेलं असतानाही मेल येत राहावी म्हणून. त्यासाठी जी अवस्था वापरतात तिला एस० आयएक्स म्हणतात, आणि तिच्यात मशीन खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, नुसतं शांत पडून राहतं. त्या शांत पडण्यासाठी आतला प्रत्येक भाग, डिस्क, वायफाय, यूएसबी, ग्राफिक्स, सगळ्यांनी आपापली वीज कमी करावी लागते आणि ते करवून घेणं ऑपरेटिंग सिस्टीमच्या गळ्यात. एक जरी भाग जागा राहिला तरी प्रोसेसर खोल झोपेत जात नाही, लॅपटॉप बॅगेत तापतो आणि सकाळी बॅटरी संपलेली.

लिनक्सवर ह्याच्यावर पुष्कळ काम झालंय आणि बहुतेक मशीनवर ते आता बरं चालतं, बहुतेक म्हणजे सगळ्या नाही. फ्रीबीएसडीची सगळी भिस्त मात्र एस३ वरच राहिली, एस० आयएक्सचं काम तिथे खूप उशिरा सुरू झालं. आणि अडचण अशी की इंटेलच्या साधारण अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० च्या आसपास, अनेक कंपन्यांनी फर्मवेअरमधून एस३ काढूनच टाकलं. नाहीच आहे म्हटल्यावर ड्रायव्हर कितीही चांगला असून काय करणार. थिंकपॅडच्या काही मॉडेलांमध्ये बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडायला मिळतो, विंडोज की लिनक्स असं, त्यातलं लिनक्स म्हणजे एस३. एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीला आधी हे नव्हतं, लोकांनी आरडाओरड केली तेव्हा २०१८ मध्ये बायोस अपडेटमधून दिलं. असा पर्याय असलेलं मशीन दिसलं तर माझ्या हिशेबी ते बाकीच्यांच्या चार पावलं पुढे.

तपासायचं कसं? चालू लिनक्समध्ये सिस खाली पॉवर खाली मेम स्लीप नावाची फाइल असते ती वाचा, त्यात डीप हा शब्द दिसला तर एस३ आहे, नुसतं एस२ आयडल असेल तर नाही. फ्रीबीएसडीत सिसकंट्रोल ह्या कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या कमांडमध्ये सपोर्टेड स्लीप स्टेट म्हणून एसीपीआयची नोंद आहे, त्यात एस३ आहे का बघा. आणि मशीन हातातच नसेल तर त्याच मॉडेलचं ओपनबीएसडीवालं डीमेसज, म्हणजे सुरू होताना कर्नल जे सापडेल ते लिहीत जातं ती नोंद, कुठेतरी मिळवा, त्यात वरच्याच भागात एसीपीआयची एक ओळ असते, स्लीप स्टेट्स आणि पुढे एस० एस३ एस४ एस५ असं काहीतरी. एस३ गाळलेलं असेल तर तिथेच कळतं. पूर्ण बंद करून डिस्कवर झोपणं, म्हणजे हायबरनेट, हे ओपनबीएसडीत छान चालतं, टर्मिनलवर छोटे तीन झेड टाइप केले की सस्पेंड आणि मोठे तीन झेड टाइप केले की हायबरनेट, काय ती कमांड, मला फार आवडते. फ्रीबीएसडीत हायबरनेट नाही.

फ्रीबीएसडीवर मी फार टीका करतेय असं वाटत असेल तर दुसरी बाजूही सांगते, २०२४ च्या शेवटी फ्रीबीएसडी फाउंडेशन आणि क्वांटम लीप रिसर्च ह्यांनी मिळून लॅपटॉपसाठी साडेसात लाख डॉलर लावले, वायफाय, झोप, ऑडिओ, ग्राफिक्स ह्याच सगळ्या दुखण्यांवर पगारी माणसं बसवली. वरचं १४.३ मधलं वायफाय त्याच वाटेवर आलेलं. सर्व्हरवर वर्षानुवर्षं राज्य केलेल्या सिस्टीमने लॅपटॉपकडे इतक्या उशिरा बघावं ह्याचं आश्चर्य वाटतं, पण बघितलं हे बरंच.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. टचपॅड हल्ली आयटूसी वर असतात, तिन्हीकडे ड्रायव्हर आहेत, फ्रीबीएसडीत १३ पासून. थिंकपॅडचं लाल टोक सगळीकडे चालतं. बोटाच्या ठशाचा रीडर चालला तर बोनस समजायचा, त्याच्यासाठी मशीन निवडू नका. कॅमेरा जुन्या पद्धतीचा यूएसबीवर असेल तर काहीच करावं लागत नाही, पण इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीपासून काही महागड्या पातळ लॅपटॉपांमध्ये आयपीयू६ वर चालणारा कॅमेरा येतो आणि त्याने लिनक्सवाल्यांनाही रडवलंय, तेव्हा महाग म्हणजे जास्त जुळणारा असं अजिबात नाही, उलट बहुतेक वेळा वाकडंच.

ब्लूटूथ ओपनबीएसडीत नाही. होतं, पण २०१४ मध्ये काढून टाकलं, कोड नीट सांभाळला जात नव्हता म्हणून. ब्लूटूथचे हेडफोनच हवे असतील तर असे छोटे यूएसबी डोंगल मिळतात जे हेडफोनशी ब्लूटूथवर स्वतःच बोलतात आणि लॅपटॉपला नुसतं यूएसबी साउंडकार्ड म्हणून दिसतात, ते चालतात. आणि ओपनबीएसडीत माइक चालत नाही म्हणून लॅपटॉपला नावं ठेवणाऱ्यांनो, तिथे रेकॉर्डिंग मुद्दाम बंद करून दिलेलं असतं, माइकमधून शुद्ध शांतता येते, कर्नलची ऑडिओ रेकॉर्डची सिसकंट्रोल सेटिंग शून्याची एक केली की आवाज येतो. कॅमेऱ्याचंही तसंच. मात्र नवीन इंटेल लॅपटॉपांतले जे माइक डीएसपी नावाच्या आवाजाच्या चिपच्या मागे जोडलेले असतात त्यांना लिनक्समध्ये साउंड ओपन फर्मवेअर लागतं, बीएसडीवर तिथे यूएसबी माइक हाच मार्ग.

बायोसमधल्या दोन गोष्टी. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीला सिक्युअर बूट, म्हणजे सही केलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं कुलूप, बंद करावं लागतं, लिनक्सच्या मोठ्या डिस्ट्रोंना नाही. आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका, बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या रेड किंवा व्हीएमडी मोडवर असतं, ते एएचसीआयवर आणलं की बऱ्याचदा डिस्क प्रकट होते. फक्त त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर आधी त्याची तयारी करा, नाहीतर ते बूट व्हायचं नाही.

आता घेण्यापूर्वी बघायचं कसं, हा खरा भाग. मशीन हाताळायला मिळत असेल तर यूएसबी स्टिक घेऊन जा. लिनक्सची कुठलीही लाइव्ह स्टिक चालेल, त्यात एलएसपीसीआय ही कमांड डबल एन लावून चालवली की प्रत्येक चिपचा नंबर मिळतो, चार अक्षरं कंपनीची आणि चार चिपची. कंपनीचे थोडे पाठच होऊन जातात, इंटेल म्हणजे ८०८६ (स्वतःच्याच जुन्या प्रोसेसरचा नंबर घेऊन बसलेत, शौकीन लोक), एनव्हिडिया १०डीई, ब्रॉडकॉम १४ई४, रियलटेक १०ईसी, मीडियाटेक १४सी३. तो आठ अक्षरांचा नंबर घेऊन ड्रायव्हरच्या मॅन पेजमध्ये किंवा सोर्समध्ये शोधायचं. मॉडेलच्या नावाने शोधून मतं मिळतात, ह्या नंबराने शोधून माहिती मिळते.

फ्रीबीएसडीच बघायचं तर त्याच्यावरच बांधलेले नोमॅडबीएसडी किंवा घोस्टबीएसडी स्टिकवरून सरळ डेस्कटॉपपर्यंत नेतात. तिथे पीसीआयकॉन्फ कमांडला एल आणि व्ही लावून यादी काढा, ज्या चिपला ड्रायव्हर सापडला तिच्यापुढे ड्रायव्हरचं नाव असतं आणि सापडला नाही तिच्यापुढे नन आणि एक आकडा. सगळेच नन वाईट नसतात, दोनचार असे असतात की ते काय करतात हे कधी कळतच नाही आणि त्यांच्यावाचून काही अडत नाही, पण नेटवर्क कंट्रोलर नन दिसला की समजायचं. ओपनबीएसडीत तर इन्स्टॉलही करायला नको, इन्स्टॉलरमध्ये शेल उघडा आणि डीमेसज वाचा, नॉट कॉन्फिगर्ड असं जिथे लिहिलंय तिथे ड्रायव्हर बसलेला नाही. फक्त इन्स्टॉलरचं कर्नल छोटं असतं, त्यात आवाज वगैरेचे ड्रायव्हर मुळातच नसतात, तेव्हा तिथला नॉट कॉन्फिगर्ड म्हणजे अंतिम निकाल समजू नका, पूर्ण सिस्टीम स्टिकवर इन्स्टॉल करून तिच्यावरून बूट केलं तर पक्कं कळेल. आणि स्टिकवरून सुरू केल्यावर झाकण मिटून दोन मिनिटं थांबा आणि उघडा, हे आवर्जून करा, बघणारे हसले तर हसू द्या.

मशीन हाताळायला मिळत नसेल, ऑनलाइन घ्यायचं असेल, तर इतरांची नोंद शोधायची. एचडब्ल्यू प्रोब नावाचं एक टूल आहे, लोक ते आपल्या मशीनवर चालवतात आणि कुठली चिप चालली कुठली नाही ह्याची यादी जमा होते, लिनक्सची वेगळी आणि बीएसडीची वेगळी. न्यूयॉर्कच्या बीएसडी ग्रुपने लोकांच्या डीमेसजचा मोठा साठा ठेवलाय. त्यात नुसतं आपलं मॉडेल आहे का एवढं बघून उठू नका, दोनतीन जणांच्या नोंदी उघडून त्यांची वायफाय कार्डं एकच आहेत का बघा, वेगवेगळी निघाली तर विकणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. विचारताना "लिनक्स चालतं का" असं विचारलं तर तो हो म्हणणार, त्याचं काय जातं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधल्या नेटवर्क अडॅप्टरचा फोटो पाठवा म्हणा.

नाव सांगच असा आग्रह असेल तर माझं मत ऑफिसांमधून निघालेल्या बिझनेस लॅपटॉपांच्या बाजूने आहे. थिंकपॅडच्या टी आणि एक्स मालिका, डेलच्या लॅटिट्यूड, एचपीच्या एलिटबुक. ओपनबीएसडीचे बरेच डेव्हलपर स्वतः थिंकपॅड वापरतात, म्हणजे ज्यांना ड्रायव्हर लिहिता येतो त्यांच्याच टेबलावर ते मशीन आहे, ह्यापेक्षा मोठी हमी कुठली कंपनी देणार. त्यातल्या त्यात टी४८० हे माझं आवडतं, २०१८ चं मशीन, इंटेलचं ८२६५ कार्ड, एस३ शाबूत, रॅम सुटी, बॅटऱ्या दोन, एक आतली आणि एक बाहेरून बदलता येणारी. हल्लीच्या मानाने सावकाश आहे, मोठं काही कंपाइल करायला घेतलं की पंखा बोलायला लागतो, पण रोजच्या कामाला पुरून उरतं. जुना बिझनेस लॅपटॉप घेताना बायोसला सुपरवायझर पासवर्ड नाही ना हे आधी बघा. थिंकपॅडमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो, छोटी बॅटरी काढून घातली तरी जात नाही, आणि तो असला की सिक्युअर बूट बदलता येत नाही म्हणजे आपलं सगळंच अडलं.

नवंच हवं आणि लिनक्सच चालवायचं असेल तर लिनक्स घालूनच विकणाऱ्यांकडे बघा, सिस्टम७६, टक्सेडो, स्टार लॅब्स, स्लिमबुक, किंवा मोठ्यांपैकी लेनोवो, जे २०२० पासून काही थिंकपॅड फेडोरासकट देतात, आणि डेल, त्यांनी २०१२ पासूनच एक्सपीएस १३ उबंटूसकट विकलं. अशा मशीनचा बीएसडीवाल्याला फायदा आहेच, पण अर्धा, लिनक्सवर चालतं म्हणून बीएसडीवर चालेलच असं नाही, मात्र लिनक्सवर जे चालत नाही ते बीएसडीवर चालण्याची आशा सोडून द्यायची.

एआरएमच्या लॅपटॉपांबद्दल कोणी विचारलं तर मी आधी विचारते की तुला काम करायचंय की लॅपटॉपवरच काम करायचंय. ॲपलच्या एम१ आणि एम२ वर "असाही" नावाचं लिनक्स चालतं आणि ओपनबीएसडीसुद्धा चालतं, हे दोन्ही म्हणजे उलट्या इंजिनियरिंगची कमाल आहे कारण ॲपलने कागदपत्रं काही दिलेली नाहीत. पण एक्स८६ वर एसीपीआय असतं, मशीन स्वतःच सांगतं माझ्यात काय काय आहे, एआरएमवर बहुतेक ठिकाणी डिव्हाइस ट्री लागते, म्हणजे प्रत्येक मॉडेलसाठी कोणीतरी बसून वर्णन लिहावं लागतं, तुमच्या मॉडेलसाठी ते कोणी लिहिलं नसेल तर काळी स्क्रीन. शौक म्हणून जरूर करा. ज्या मशीनवर उद्याचं काम द्यायचंय त्याच्यावर नको.

आणि मशीन घरी आल्यावरची एक अडचण, जी चांगल्या मशीनवरही येतेच. वायफाय कार्डाला फर्मवेअर लागतं, परवान्यांच्या भानगडीमुळे ते ओपनबीएसडीच्या इन्स्टॉलरमध्ये नसतं, ते नेटवरून घ्यायचं असतं आणि नेटसाठी वायफाय लागतं. लॅपटॉपला इथरनेटचं पोर्ट हल्ली नसतंच. यूएसबी इथरनेट असेल तर उत्तम, नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक फोन यूआरएनडीआयएस शून्य नावाचं नेटवर्क म्हणून दिसतात, त्याच्यावर डीएचसीपीने पत्ता घ्या आणि एफडब्ल्यू अपडेट चालवा. फ्रीबीएसडीतही तोच इंटरफेस येतो, यूई शून्य असं नाव असतं, आणि तिथे कमांड एफडब्ल्यूगेट. फर्मवेअर उतरलं की एकदा रीबूट मारा आणि केबल काढा. मात्र केबल डेटावाली घ्या, नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलवर फोन दिसणार नाही आणि तुम्ही उगीच ड्रायव्हरला शिव्या घालत बसाल.